कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेतील विभागीय भूल

१८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील चेतातज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी एका तरुण कुत्र्याच्या मणक्यांमधील फटीत कोकेनचे द्रावण टोचले. काही मिनिटांतच कुत्र्याचे मागचे पाय लटपटू लागले. पुढचे पाय मात्र शाबूत होते. माणसावर मेरुरज्जूच्या भुलीखाली पहिली शस्त्रक्रिया ऑगस्ट बिअर यांनी जर्मनीत १८९८ मध्ये केली. म्हणजे आज प्रसूतिगृहात सर्रास वापरल्या जाणाऱ्या या तंत्राचा पहिला अनुभव कुत्र्याने घेतला होता. असे असूनही कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात ते तंत्र नित्याच्या वापरात येण्यास बराच काळ लागला.

त्याचे एक कारण सरळ आहे. माणसाला ‘हलू नका’ असे सांगता येते. मांजराला सांगता येत नाही. पाय पूर्ण बधिर झाला तरी अनोळखी जागा, दिव्यांचा झोत आणि धरून ठेवणारे हात यांनी प्राणी बिथरतोच. त्यामुळे लहान प्राण्यांना संपूर्ण भूल देण्याचीच पद्धत रूढ झाली. गुराढोरांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. गाय-बैलाला आडवे पाडून झोपवणे धोक्याचे असल्याने, शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाचे शिंग कापताना शिंगाकडे जाणारी नस बधिर करणे किंवा गायीच्या शेपटीच्या मुळाशी एपिड्युरल इंजेक्शन देणे हे खेड्यातल्या पशुवैद्यकाच्या हातात मुरलेले कौशल्य आहे. या एका बाबतीत शहरी दवाखान्यांना ग्रामीण गोठ्याकडून शिकण्यासारखे बरेच होते, असे म्हणायला हरकत नाही.

संपूर्ण भुलीखाली प्राणी झोपलेला असताना विभागीय भुलीची गरजच काय, असा प्रश्न साहजिक आहे. आयसोफ्लुरेनसारखा भुलीचा वायू मेंदूला झोपवतो. मात्र कापलेल्या ऊतींतून निघणारे वेदनेचे संदेश मेरुरज्जूपर्यंत पोहोचतच राहतात. मादीच्या निर्बीजीकरणात शल्यचिकित्सक बीजांडकोश वर ओढतो त्या क्षणी झोपलेल्या कुत्रीच्याही हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, रक्तदाब चढतो. अशा माऱ्याने मेरुरज्जू अधिक संवेदनशील होतो आणि प्राणी जागा झाल्यावर वेदना जास्त तीव्रतेने जाणवतात. चेतातंतू वाटेतच अडवला तर हा संदेश वर जात नाही. शिवाय भुलीचा वायू कमी पुरतो; रक्तदाब आणि श्वासोच्छ्वास मंदावण्याचा धोका त्या प्रमाणात घटतो. हृदयविकार असलेल्या किंवा वृद्ध प्राण्याच्या दृष्टीने हा फायदा फार मोलाचा ठरतो.

या कामासाठी मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. लिग्नोकेन हे स्वीडनमधील निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. ते काही मिनिटांत परिणाम दाखवते आणि एक ते दोन तास टिकते. ब्युपिव्हाकेनला परिणामासाठी दहा ते वीस मिनिटे लागतात, पण त्याचा अंमल चार ते सहा तास किंवा त्याहून अधिक राहतो. दोन्ही औषधे चेतातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग बंद करतात. त्यामुळे संदेश पुढे सरकत नाही.

सर्वात सोपा प्रकार नर कुत्र्या-बोक्यांच्या निर्बीजीकरणात दिसतो. वृषणातच थोडे लिग्नोकेन टोचले की ते वृषणरज्जूच्या वाटेने वर पसरते. यंत्र लागत नाही, वेळही फारसा जात नाही. दात काढताना वरच्या जबड्यासाठी डोळ्याखालील छिद्रातून जाणारी नस आणि खालच्या जबड्यासाठी जबड्याच्या आतल्या बाजूची नस बधिर करतात. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या थोराड कुत्र्यात मांडीची आणि कुल्ह्याची अशा दोन नसा अडवल्या की एकच पाय बधिर होतो. पुढच्या पायाच्या कोपराखालील शस्त्रक्रियेसाठी काखेतील नसांचे जाळे हे लक्ष्य असते.

एपिड्युरलमध्ये शेवटचा कटिमणका आणि त्रिकास्थी यांच्यामधील खळग्यातून सुई आत जाते. कुत्र्याचा मेरुरज्जू साधारणतः या जागेच्या आधीच संपतो. मांजराचा मात्र आणखी मागे जातो, म्हणून तेथे अधिक सावध हात लागतो. संरक्षक द्रव्य नसलेले मॉर्फिन या मार्गाने दिले तर वेदनाशमन बारा ते चोवीस तास टिकू शकते. त्यानंतर लघवी तुंबत नाही ना, हे पाहावे लागते. रक्त गोठण्याचा दोष, सुईच्या जागी त्वचेचा जंतुसंसर्ग किंवा रक्तस्रावाने खालावलेली प्रकृती असेल तर एपिड्युरल टाळतात. मूत्रमार्ग तुंबलेल्या बोक्यांसाठी शेपटीच्या मुळाशी द्यावयाचे इंजेक्शन उपयोगी पडते: मूत्रमार्गाचा शेवटचा भाग सैल होतो, नळी घालणे सोपे जाते आणि आधीच विषारी द्रव्ये साचलेल्या त्या जिवाला जड भूल द्यावी लागत नाही.

खरी कसोटी मात्रेची असते. मांजरासाठी लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलो वजनामागे तीन ते चार मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. बाजारात मिळणाऱ्या दोन टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे तीन किलोच्या मांजरासाठी चारच्या हिशेबानेही बारा मिलिग्रॅम, अवघे ०.६ मिलिलिटर, एवढीच मुभा राहते. पंचवीस किलोच्या लॅब्रेडॉरसाठी पाचच्या हिशेबाने हाच आकडा सव्वासहा मिलिलिटरवर जातो. मोठ्या कुत्र्यासाठी भरलेली सिरिंज सवयीने मांजरावर वापरली गेली, तर काय होईल हे सांगावयास नको. चार ठिकाणी इंजेक्शन द्यायचे असेल तर मर्यादा चारही मिळून एकच असते. दोन औषधे मिसळली तरी विषबाधेचा हिशेब एकत्रच करावा लागतो. द्रावण अपुरे वाटल्यास सलाइन मिसळून ते वाढवता येते.

प्रत्येक वेळी सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहणे हा या शास्त्रातला न चुकवावयाचा नियम. ब्युपिव्हाकेन रक्तवाहिनीत गेले तर हृदयाची लय बिघडते आणि ते सावरणे अवघड जाते. तेव्हा वीस टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देण्याचा उपाय करतात. विषबाधेचे पहिले लक्षण, म्हणजे आचके, भुलीखालच्या प्राण्यात दिसतच नाहीत. मांजराच्या डोळ्याखालील छिद्राचा मार्ग अगदी आखूड असतो. सुई जरा जास्त आत गेली की थेट डोळ्याला इजा होते. चपट्या तोंडाच्या जातींच्या कुत्र्यांतही हीच भीती असते.

आता नसेला सौम्य विद्युतस्पंद देणारी उपकरणे आणि सोनोग्राफी यांमुळे सुईचे टोक कोठे आहे हे कळू लागले आहे. पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये औषध पसरवण्याची पद्धतही याच मार्गाने आली. अमेरिकेत २०१६ मध्ये कुत्र्यांसाठी सूक्ष्म स्निग्ध कोशांत बंदिस्त केलेल्या ब्युपिव्हाकेनला मान्यता मिळाली. ते तीन दिवसांपर्यंत परिणाम करते. हे महागडे प्रकार मोठ्या रुग्णालयांपुरतेच राहतील. लिग्नोकेनची बाटली मात्र साध्या दवाखान्यालाही परवडते. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी देशात २००१ मध्ये नियम झाले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. अशा शिबिरांत एकामागून एक शस्त्रक्रिया होतात आणि जागे झालेल्या कुत्र्याची विचारपूस करणारा मालकही नसतो. तेथे वृषणात किंवा कापण्याच्या रेषेत दिलेल्या या स्वस्त इंजेक्शनाचे मोल सर्वाधिक आहे.

घरी आणलेल्या प्राण्याचा पाय काही तास लुळा पडलेला दिसला तर मालकांनी घाबरू नये. मात्र जिना चढू देऊ नये आणि बधिर भाग चावू देऊ नये. दातांच्या शस्त्रक्रियेनंतर जीभ बधिर असेपर्यंत खाऊ घालणे लांबवावे. नसेवरील भूल उतरल्यावर वेदना एकदम डोके वर काढते, म्हणून तोंडाने द्यावयाच्या वेदनाशामकाची पहिली मात्रा भूल उतरण्यापूर्वीच पोटात गेलेली असावी. ती वेळ कोणती आणि कोणते औषध द्यायचे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे. माणसाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.