परळ, 1930 : मोठ्या पेशींचं रक्त

गिरणीचा भोंगा वाजून गेलाय. कामावर निघालेल्या बायकांच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही परळच्या हाफकिन संस्थेत शिरता. कधीकाळी गव्हर्नरांचा मुक्काम असलेल्या या वास्तूत, 1928 साली इंग्लंडहून आलेल्या डॉ. ल्युसी विल्स मुंबईतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा छडा लावत आहेत.

मायक्रोस्कोपला डोळा लावा. तांबड्या पेशी मोजक्याच, पण एकेक नेहमीपेक्षा मोठी. लोह कमी असतं तर त्या लहान आणि फिकट दिसल्या असत्या. निदान तुमच्या ओठांवर आलंय, पण थांबा. ते सिद्ध करणारा रेणू अजून कुणाच्याच हाती लागलेला नाही. विल्सबाईंपाशी आहेत फक्त नोंदी : कोण काय खातं, कुणाच्या ताटात भाजी, फळं, दूध पोचतच नाही.

असाच निकृष्ट आहार दिलेली माकडं आजारी पडली आणि मार्माइटवर सुधारली. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. स्वस्त आणि दुकानात मिळणारा. आता तो बाळंतिणींच्या वॉर्डात आलाय. रोजचं रक्त तुम्हीच तपासा. काही दिवसांतच रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, झपाट्याने वाढतात. हिमोग्लोबिन मागाहून सावकाश चढेल. अस्थिमज्जा कामाला लागल्याची पहिली खूण हीच. 1931 साली हे निष्कर्ष छापून येतात.

थोडं पुढे सरका. पर्निशिअस अॅनिमियावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो. म्हणजे उणीव वेगळ्याच घटकाची. 1941 साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला जातो : फॉलिक अॅसिड.

आता 1947 अखेरचं बोस्टन. पेशीला डीएनए घडवायला फॉलेट, म्हणजे याच फॉलिक अॅसिडचं रूप, लागतं. मग ल्युकेमियाच्या पेशींचं फॉलेटच अडवलं तर? येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं, फॉलेटला अडवणारं अॅमिनॉप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर आजारी मुलांना देतात. काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटतो. आजचं मेथोट्रेक्सेट याच घराण्यातलं.

परत या. तुमच्या ओपीडीतल्या गरोदर बाईच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आहे. पण पेशी मोठ्या दिसल्या की केवळ फॉलिक अॅसिडवर विसंबू नका. उणीव बी-12ची असेल, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारेल आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहील. म्हणून आधी बी-12 तपासा, हातापायांना मुंग्या येतात का ते विचारा, आणि विल्सबाईंसारखं ताटात काय असतं तेही विचारा.