आपला कुळवृत्तांत चाळीच्या खोलीत आहे



प्रस्थापितांच्या घरात छापील कुळवृत्तांत असतो. मूळ गाव, इनाम, वाडा, कुलदैवत, सगळे त्यात सापडते. आपल्यातल्या तरुणाला विचारा, तुझे आजोबा मुंबईत कुठे राहायचे? "चाळीत", एवढेच उत्तर येते. सातबारा नाही म्हणून इतिहासही नाही, असे आपणच मानून बसलो आहोत.

सुभेदार रामजीबाबांचे कुटुंब बघा. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार. तिथे राहून भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. पुढे परळच्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक 50 आणि 51. 1912 ते 1934 ही बावीस वर्षे. कोलंबिया, लंडन, महाड, गोलमेज परिषद, या सगळ्या काळात घरचा पत्ता हाच. रमाईंचा बहुतेक संसार याच दोन खोल्यांत झाला. या खोल्या आपण डोक्याला लावतो. पण त्याच मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांत कोण राहत होते? 9 मार्च 1924 ला दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिथे समोर बसलेली माणसे कोण होती? ती कुणाची तरी आजोबा-पणजोबाच होती.

माझे आजोबा गिरणीत रिंगखात्यात होते. हे साधे वाटते, पण यात जात आहे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. म्हणजे आजोबांचे खाते कोणते, हे कळले तरी इतिहासाचे एक पान उघडते.

दादर चौपाटीचेही तसेच. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. मुंबईतल्या कितीतरी घरांचे बौद्धपण तिथून सुरू होते. आपल्या घरातले कोण त्या गर्दीत होते, विचारले आहे कधी?

आज बीडीडी चाळी पडत आहेत, टॉवर उभे राहत आहेत. काहींना वाटते, गरिबीच्या आठवणी कशाला जपायच्या? मोठे घर हा आपला हक्कच आहे, चाळीचे कौतुक मलाही नको. पण खोली सोडताना पत्राच्या पेटीतले कागद रद्दीत घालू नका. भाडेपावती, गिरणीचा पास, शाळेचा दाखला, दीक्षेचा फोटो जपा. आजीला बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करा: चाळ क्रमांक, खोली क्रमांक, गिरणी, खाते, दीक्षा कुठे घेतली.

एका कुटुंबाची स्मारके झाली, हा आपला अभिमान आहे. पण त्या कुटुंबामागे उभी राहिलेली हजारो कुटुंबे निनावी राहिली, तर उद्या कुणीही सांगेल की चळवळ एकट्या माणसाने केली. तसे सांगू द्यायचे नसेल, तर या रविवारी आजीजवळ बसा.



जयभीम, नमो बुद्धाय!