संत बखिता : एक ठाम नकार

दारफूरमधून बालपणी पळवून नेलेल्या मुलीला भीतीने स्वतःचे नावही आठवेनासे झाले. गुलाम-व्यापाऱ्यांनी तिला ‘बखिता’ म्हटले. अरबीत अर्थ ‘भाग्यवान’! एका तुर्की अधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने शंभराहून अधिक छेद देऊन त्यांत मीठ चोळले गेले.

१८८५मध्ये ती इटालियन वाणिज्यदूताबरोबर इटलीत आली. तिथली मालकीण तिला सुदानला परत नेऊ लागली, तेव्हा व्हेनिसच्या कनोसियन मठात राहत असलेल्या बखिताने नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. २९ नोव्हेंबर १८८९चा निर्णय : इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही, बखिता स्वतंत्र आहे.

मोकळी झालेली बखिता कनोसियन जोगीण झाली. स्कियो गावी कित्येक वर्षे स्वयंपाक, भरतकाम आणि दाराची राखण हेच तिचे काम. पळवून नेणारे भेटले तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असे ती सांगे.