नवोदय की शिष्यवृत्ती? एका प्रश्नाची जुनी मुळं

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या उर्दू शाळेत एखादी मुलगी गणितात झपाट्यानं पुढे जायला लागली की तिच्या घरात दोन शब्द शिरतात. एक ‘स्कॉलरशिप’, दुसरा ‘नवोदय’. मग अब्बा विचारायला येतात, ‘सर, कशाला बसवू?’ मी त्यांना चहा देतो आणि फॉर्मच्या गोष्टी करण्याआधी थोडा इतिहास सांगतो. बहुतेकांना तो कंटाळवाणा वाटतो, ते घड्याळ बघतात. पण ‘कोणती योजना चांगली’ या प्रश्नाच्या पोटात दुसराच एक प्रश्न दडलेला आहे. हुशार मूल जिथं आहे तिथं त्याला मदत पोचवायची, की त्याला तिथून उचलून दुसरीकडे न्यायचं? हा वाद आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यात मुसलमानांचा विषय सुरुवातीपासून आहे.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत पुढे असलेले बदरुद्दीन तय्यबजी यांनी या आयोगापुढे साक्ष दिली होती. आयोगानं मुस्लिमांच्या शिक्षणाबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यात एक पायऱ्यापायऱ्यांची शिष्यवृत्ती होती. प्राथमिक शाळेत मिळवायची आणि मधल्या शाळेत वापरायची, मधल्या शाळेत मिळवायची आणि हायस्कुलात वापरायची, तिथून पुढे कॉलेजात. म्हणजे मुलाला वेगळ्या शाळेत घालायचं नाही. आहे त्या शाळेतून त्याला वरच्या पायरीवर टिकवून धरायचं आणि पैसा त्याच्या मागून जाऊ द्यायचा. आजची शिष्यवृत्ती परीक्षा धर्माच्या आधारावर नाही, ती सगळ्यांसाठी आहे. पण तिची कल्पना याच घराण्यातली.

दुसरं उत्तर कोल्हापुरात मिळालं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू करवलं आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. खेड्यातल्या मुलाची अडचण फक्त फीची नसते, शहरात रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुठं हीही असते, हे त्यांनी ओळखलं होतं. मूल गावातून उचललं, पण ज्या घरात नेलं तिथं त्याची भाषा आणि त्याची माणसं होती. याच राजानं १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. हुशारांसाठी वसतिगृह आणि सगळ्यांसाठी शाळा, या दोन्हींत त्यांना विरोध दिसला नाही. पुढच्या सरकारांना तो बराच दिसला.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोग आला (१९६४ ते ६६). त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगानं समान शाळेचा आग्रह धरला. गरिबाचं आणि श्रीमंताचं, हुशार आणि सामान्य मूल एकाच शेजारशाळेत शिकावं. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानं हे मान्यही केलं. गंमत अशी की त्याच साठच्या दशकात महाराष्ट्रानं पुसेगाव, धुळे, तेव्हाचं औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतनं काढली, ग्रामीण भागातल्या निवडक हुशार मुलांसाठी, निवासी. एका हातानं समान शाळेवर सही आणि दुसऱ्या हातानं निवडक शाळेची कोनशिला. मी याला ढोंग म्हणत नाही. खेड्यातल्या पोराला पाचगणीच्या तोडीचं काही मिळावं ही इच्छा खरी होती. समान शाळेचं काम मात्र मागे पडलं, कारण ते महाग होतं आणि त्याचं उद्घाटन करता येत नव्हतं.

नवोदय याच दुसऱ्या हाताचं मोठं रूप. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक जिल्ह्यात अशी एक निवासी शाळा काढायचं ठरवलं. पहिल्या दोन शाळा प्रयोग म्हणून आधीच सुरू झाल्या होत्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. पंतप्रधान राजीव गांधी होते, पण खातं पी. व्ही. नरसिंह रावांकडे होतं. राव तेव्हा रामटेकचे खासदार. मराठी त्यांना इतकी येत होती की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांच्या काळात नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल इथं निवासी शाळा उघडली होती, तोच अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तमिळनाडूनं भाषेच्या मुद्द्यावर नवोदयला नकार दिला, तो आजतागायत. बाकी देशात आज साडेसहाशेहून अधिक नवोदय आहेत. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं, राहणं, जेवण आणि पुस्तकं सरकारची, प्रवेश पाचवीत दिलेल्या दोन तासांच्या परीक्षेवर. बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित आणि भाषा.

आता आपल्याकडे वळतो. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत काढलेली असावी लागतात. हा नियम मला योग्यच वाटतो, योजना खेड्यांसाठीच होती. पण महाराष्ट्रातले मुसलमान प्रामुख्यानं शहरांत राहतात. २००१ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ७० टक्के होतं. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागवाल्याचं मूल गरिबीत कुठल्याच खेड्याला हार जाणार नाही, तरी ते उरलेल्या थोड्या जागांसाठी शहरातल्या क्लासवाल्या मुलांशी झगडतं. धर्मावर राखीव जागा नाहीत. ओबीसींना मात्र २०२१-२२ पासून २७ टक्के जागा मिळाल्या आणि आपल्या कित्येक बिरादऱ्या ओबीसीत येतात. केंद्राच्या यादीप्रमाणे दाखला वेळेत काढलेला असला तर तो इथं कामाला येतो. पाचवीच्या मुलाच्या बापाला हा दाखला वेगळा असतो हेच माहीत नसतं.

दुसरी अडचण भाषेची. नवोदयची परीक्षा उर्दूतून देता येते, शाळा मात्र उर्दूतून नाही. महाराष्ट्रातल्या नवोदयमध्ये सुरुवातीची वर्षं मराठीतून आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे उर्दू शाळेतली पोरगी परीक्षा आपल्या भाषेत जिंकते आणि पहिल्याच आठवड्यात परक्या भाषेच्या वर्गात बसते. यावर मी पालकांना एकच सांगतो, तिसरीपासून तिला मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावा. उर्दू शाळेत मराठी विषय असतो, तो आपण ‘पास होण्यापुरता’ ठेवलेला आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत ही अडचण नाही. ती उर्दूतून द्यायची आणि परत आपल्याच उर्दू शाळेत बसायचं.

एका अम्मीनं मला अभ्यासाबद्दल काहीच विचारलं नव्हतं. तिचे प्रश्न असे होते: मेसमध्ये वेगळं भांडं असतं का, रोज्यात सहरीचं काय, रात्री ताप आला तर कोण बघतं, आणि नववीत पोरीला परराज्यात पाठवतात हे खरं का? शेवटचं बरंचसं खरं आहे. नववीतली काही मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जातात, राष्ट्रीय एकात्मतेसाठी. कल्पना मला आवडते. मराठी मुलगा बिहारमध्ये वर्षभर राहिला तर दोघांचंही भलंच होईल. पण दहा वर्षांच्या मुलीच्या आईला ही माहिती फॉर्म भरण्याआधी मिळायला हवी. तिच्या बाकीच्या प्रश्नांना ‘मागासलेली मानसिकता’ म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत. शाहूंनी बोर्डिंग काढलं ते असेच प्रश्न गंभीरपणे घेऊन.

माझं मत विचाराल तर, मूल स्वतः घर सोडायला तयार असेल आणि मराठी जमत असेल तर नवोदयला बसवावं. सात वर्षांची अशी मोफत संधी सामान्य घराला दुसरीकडे मिळणं कठीण. पण एका गोष्टीचा हिशोब कोणी मांडत नाही. वर्गातली सर्वांत चलाख पोरगी निघून गेली की मागे राहिलेल्या तीस जणांना फळ्यापाशी जाऊन चूक दाखवणारं कोणी उरत नाही. १९९० मध्ये आचार्य राममूर्ती समितीनं १९८६ च्या धोरणाचा आढावा घेतला, तेव्हा नवी नवोदय विद्यालयं उघडू नयेत असं सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही. शिष्यवृत्तीचा वर्ग मात्र शाळेतच भरतो. जादा तास घेणारे गुरुजी पाच-सहा मुलांसाठी थांबतात आणि बाकावर मागे बसलेली दोन नापास होणारी पोरंही कानावर पडलेलं उचलतात. त्यामुळेच मला शिष्यवृत्ती जास्त प्रामाणिक वाटते. पैशाच्या बाबतीत मात्र तिची कायम थट्टाच झाली. कित्येक वर्षं रक्कम इतकी किरकोळ होती की ती आणण्याच्या एसटी भाड्यात संपायची. २०२३-२४ पासून पाचवीसाठी ती वर्षाला ५,००० रुपये झाली, तीन वर्षं मिळते.

आणखी एक गोंधळ गेल्या दशकात झाला. पूर्वी शिष्यवृत्ती चौथीला आणि नवोदय पाचवीला होती. चौथीची तयारी नवोदयला आयती कामाला यायची, शिवाय निकाल पाहून पालकांना मुलाचा अंदाज यायचा. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत धरला, म्हणून २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती पाचवीला गेली. दोन्ही परीक्षा एकाच हिवाळ्यात आल्या. चौथीपर्यंतच्या शाळांतल्या गुरुजींचा तर त्यातला रसच संपला, कारण पाचवीचं मूल त्यांच्याकडे उरलंच नाही. २०२५ मध्ये शासनानं परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलीच्या घरी निवड एकदम करायची गरज उरणार नाही. आधी चौथीत शिष्यवृत्तीला बसवा, तिचा कल पाहा, तोवर मराठी पक्कं होऊ द्या आणि दाखला काढून ठेवा. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा मुलाला एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसता येत नाही.