भांगेच्या बियांचे अंकुरण

भांगेच्या बियांचे अंकुरण म्हणजे भांग (शास्त्रीय नाव: कॅनाबिस सटायव्हा) या वर्षायू वनस्पतीच्या बीपासून रोप तयार होण्याची क्रिया. गांजा, भांग आणि चरस हे तिन्ही मादक पदार्थ याच वनस्पतीपासून मिळतात. भारतीय कायद्यानुसार सुटे बी अमली पदार्थ ठरत नाही. मात्र ते परवान्याविना पेरून झाड वाढवणे हा गुन्हा आहे. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या अर्जामुळे ही लागवडबंदी राज्यभर चर्चेत आली.

बी आणि रोप

ज्याला व्यवहारात बी म्हटले जाते, ते वास्तविक न तडकणारे, शुष्क, एकबीजी फळ असते. ते ३ ते ५ मिलिमीटर लांब, करड्या किंवा तपकिरी रंगाचे असून त्यावर बहुधा जाळीदार नक्षी दिसते. त्यात सुमारे ३० टक्के तेल असते. तेलबियांच्या सर्वसाधारण स्वभावाप्रमाणे उष्ण व दमट जागी साठवल्यास त्याची उगवणक्षमता लवकर घटते. उत्तराखंडच्या कुमाऊँ भागात या बियांची चटणी करतात. अन्न म्हणून बी व त्याचे तेल यांची मानके भारतात २०२१ मध्ये निश्चित झाली.

ओलावा, हवा आणि सुमारे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मिळाल्यास बी साधारण तीन ते सात दिवसांत उगवते. प्रथम आदिमूळ बाहेर पडते. नंतर खोडाचा खालचा भाग लांबून दोन्ही दलिका जमिनीच्या वर येतात. पहिली खरी पाने एकदली, दातेरी कडांची असतात. नंतरच्या पानांत दलांची संख्या तीन, पाच, सात अशी वाढत जाते आणि पंजासारखे परिचित पान तयार होते. वनस्पती बहुधा विभक्तलिंगी आहे. बी किंवा कोवळे रोप नुसते पाहून नर-मादी ओळखता येत नाही. गांजा मात्र मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून मिळतो.

कायदेशीर स्थिती

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात गांजाची लागवड परवान्याने होत असे व अहमदनगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. १८९३-९४ च्या भांगविषयक आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झालेल्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात गांजा म्हणजे फुलांचे वा फळांचे शेंडे, अशी व्याख्या आहे. शेंड्यांसोबत नसलेली बी व पाने तीतून वगळली आहेत. परंतु कलम ८ नुसार लागवड निषिद्ध असून कलम २० अन्वये १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जवळ बाळगलेल्या गांजाची शिक्षा वजनावर ठरते. लागवडीला अशी पायरी नाही. त्यामुळे कुंडीतील एक रोपही तत्त्वतः याच कलमाखाली येते. रानात आपोआप उगवलेले झाड मात्र लागवड ठरत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी अनेक निकालांत घेतली आहे. आपल्या जमिनीवर बेकायदा लागवड आढळल्यास ती कळवण्याचे बंधन जमीनधारकावर आहे.

कलम १४ नुसार धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी सरकार लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने या तरतुदीचा उपयोग करून ०.३ टक्क्यांपेक्षा कमी मादक घटक असलेल्या औद्योगिक भांगेला परवाने दिले.

सोलापुरातील अर्ज

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याही पिकाला निश्चित भाव नाही, शेती तोट्यात आहे आणि कारखान्यांना घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, अशी कारणे त्यात होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरून दुसऱ्या दिवसापासून लागवड करू, असेही त्यात नमूद होते. अर्थात, अर्ज प्रलंबित राहिल्याने अशी परवानगी कायद्यात मिळत नाही. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठवला. पोलिसांनी तो प्रसिद्धीसाठी असल्याचे सांगून लागवड केल्यास गुन्हा नोंदवण्याचा इशारा दिला.