आयात तंत्रज्ञान आणि आर्थिक वाढ : जालन्याच्या कपाशीचा धडा

नव्या तंत्रज्ञानाने देशाची संपत्ती वाढते, असे अर्थशास्त्र सांगते. पण वाढलेली संपत्ती कोणाच्या पदरात पडते, हे ज्ञानाची मालकी कोणाकडे आहे यावर ठरते. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीच्या पट्ट्यात पिकणारी कपाशी हे आपल्या जवळचे उदाहरण आहे.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. कापसाचे संकरित वाण काढण्याचे ज्ञान देशात होतेच. एच-४ हे वाण १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून आले. बोंडअळीला मारक ठरणारे बीटी जनुक मात्र अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे होते. ते महिकोच्या वाणांत उतरवले गेले आणि मार्च २००२ मध्ये त्यांना केंद्राची मंजुरी मिळाली.

२००२-०३ मध्ये देशात दीडशे लाखांहून कमी गाठी कापूस झाला. २०१३-१४ मध्ये तो साडेतीनशे लाखांपुढे गेला. भारत मोठा कापूस निर्यातदार बनला. यात सिंचन, खते आणि संकरित वाणांचाही वाटा होता.

दुसरी बाजूही पाहू. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीत रॉयल्टीचा वाटा मोठा होता. संकरित बियाणे घरी राखून पुन्हा तसेच पीक येत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावे लागते. पुढे गुलाबी बोंडअळी या जनुकाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात पिकाचे मोठे नुकसान झाले. बियाणे बदलले, पण वेचणी आजही हातानेच होते. ती करणाऱ्यांत आपल्या समाजातील भूमिहीन स्त्रिया आहेत. त्यांची मजुरी किलोवर ठरते, रॉयल्टीत त्यांचा वाटा नसतो.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले की दुखणे केवळ जमिनीच्या आकाराचे नाही. शेतीत भांडवल व साधने अपुरी आहेत आणि तिच्यावर माणसांचा भार जास्त आहे. म्हणून उद्योग वाढले पाहिजेत.

आमचे म्हणणे एवढेच : बाहेरचे तंत्रज्ञान नाकारू नये, पण त्यावरच विसंबूनही राहू नये. सार्वजनिक कृषी संशोधनाला पैसा मिळावा, ही आपल्या चळवळीची मागणी असली पाहिजे. आणि वेचणाऱ्या आईची मुले कृषी विद्यापीठात, प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजेत. ‘शिका’ या शब्दाचा आजचा अर्थ आम्ही असा घेतो.