संग्राह्य नाण्यांचे पुनर्विक्री मूल्य आणि आर्थिक चढउतार

संग्रहासाठी जपून ठेवलेल्या नाण्याला एकाच वेळी दोन किमती असतात. एक त्यातील धातूची आणि दुसरी त्याच्या दुर्मीळतेची. आर्थिक परिस्थिती पालटली की या दोन्ही किमती एकाच दिशेने जातील असे नाही. अडचणीच्या काळात जुनी नाणी विकावयास निघालेल्या कुटुंबाच्या हाती किती रक्कम पडेल, हे त्यामुळे नाणे कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून असते.

ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया हे याचे परिचित उदाहरण होय. १८३५ पासून हा रुपया एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. त्यातील ९१.७ टक्के चांदीचा हिशेब केल्यास शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास भरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणण्यात आले, तर १९४७ चा रुपया निकेलचा होता. राणी व्हिक्टोरिया किंवा सातवा एडवर्ड यांच्या छापाचे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडण्यात आले. वापरात झिजलेल्या अशा सर्वसाधारण नाण्याचे मोल मुख्यतः चांदीच्या भावावरच ठरते. महागाई आणि व्याजदर, डॉलरच्या तुलनेत रुपयाचे मूल्य, आयात शुल्क, या साऱ्यांचा परिणाम त्यावर होतो. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोन्याचांदीवरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणताच देशातील भाव लगेच उतरले होते.

चांदीची घसरण किती वेगाने होऊ शकते, हे १९८० मध्ये दिसून आले. त्या वर्षी जानेवारीत चांदी एका औंसाला ४९ डॉलरच्या पुढे गेली आणि २७ मार्च रोजी ११ डॉलरच्या खाली आली. असा चढा भाव आला की साधी नाणी सराफामार्फत मुशीत जातात. वितळलेले नाणे परत येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेने एक कायदा करून चांदीचे सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातील बहुतेक चांदी रुपयांची टंचाई भासत असलेल्या भारतासाठी होती. त्यात कोणत्या वर्षाची किती नाणी गेली याची नोंद राहिली नाही. परिणामी, केवळ टाकसाळीच्या आकड्यांवरून त्या डॉलरची दुर्मीळता ठरवता येत नाही.

दुर्मीळ नाण्याची गोष्ट निराळी आहे. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी केवळ सात लाखांच्या आसपास नाणी वितरित झाली होती. उरलेली वितळवण्यात आली. यातील चांदी १९१२ च्या रुपयाइतकीच, परंतु संग्राहक त्यासाठी कितीतरी अधिक मोजतात. ही जादा रक्कम त्यांच्याजवळच्या शिलकी पैशातून येते. मंदीत तो पैसा आटला, की चांदी महाग असूनही अशा नाण्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. व्यापाऱ्याचेही भांडवल अडकलेले असल्याने त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांतील अंतर वाढते. अमेरिकेत १९८६ नंतर प्रतवारी करून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेल्या नाण्यांमध्ये गुंतवणूकदारांनी पैसा ओतला. १९८९ मध्ये भाव शिगेला पोहोचले आणि पुढे अनेक नाण्यांचे दर निम्म्याहून खाली आले.

अगदी वरच्या थरातील नाण्यांना मात्र ही झळ कमी लागते. खासगी मालकीस कायदेशीर मान्यता असलेले १९३३ चे एकमेव वीस डॉलरचे सुवर्णनाणे २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरला विकले गेले होते. कोरोनाच्या साथीत, जून २०२१ मध्ये, त्याला जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलर आले. त्यातील सोने एका औंसाहूनही कमी आहे.

भारतात आणखी एक मर्यादा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाहीत. साहजिकच अशा नाण्यांचा भाव देशातील संग्राहकांच्या ऐपतीवरच ठरतो. विकण्यापूर्वी चिंच वा राख लावून नाणे चकचकीत करण्याची आपल्याकडील सवयही नुकसानीची ठरते, कारण घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देण्याच्या जाहिरातींमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जात असल्याचे आढळल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले. आपण असे व्यवहार करीत नाही, त्यासाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने त्या वेळी स्पष्ट केले होते.